किनाऱ्यावर सांगणारा माणूस

बेळगावकराला समुद्र लांब नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की वेंगुर्ला-मालवण आणि खानापूर-रामनगरवरून अणशी घाट उतरला की कारवार. सुट्टी लागली की निम्मी गल्ली तिकडेच असते. दुपारी माशाचे जेवण, संध्याकाळी पाण्यात डुंबणे, सूर्यास्ताचे फोटो, येताना काजू आणि कोकम. घरी आल्यावर अज्जीने विचारले, ‘काय पाहिलंस रे?’, तर नातवाचे उत्तर एका शब्दाचे, ‘समुद्र.’

यात वाईट काही नाही. सहल सहलीसारखीच असावी, तिची शाळा करू नये, हे मान्य. पण त्याच वाळूवर कोणी जाणता माणूस भेटला आणि त्याने अर्धा तास बोट दाखवून सांगितले, तर त्या मुलाचे उत्तर बदलते. असे सांगणारे लोक तयार करण्याचे प्रयत्न आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी झाले आहेत. त्यातला सर्वांत नीट रुजलेला प्रयोग म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास.

मंडणगड तालुक्यातले हे लहानसे गाव सावित्री नदीच्या मुखाजवळ आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात त्याची नोंद आधीपासूनच होती. शेजारी बाणकोटचा किल्ला. १७५५-५६ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. एवढे असूनही २०-२५ वर्षांपूर्वी वेळासला मुद्दाम जाणारे फार कोणी नव्हते. ती वाट कासवांमुळे मोठी झाली.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या वाळूवर अंडी घालायला येतात. मादी भरतीच्या रेषेच्या वर सरकते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास, कधी दीडशेपर्यंत अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि परत जाते. पिल्लांची आणि तिची भेट कधीच होत नाही. पुढचे पन्नासेक दिवस वाळूची ऊब हीच त्यांची आई. अंड्यातून नर निघणार की मादी हेही त्या उबेवरच ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. हवामान बदलाचा धडा वर्गात शिकवताना मुलांचे डोळे पेंगतात. हे एक उदाहरण दिले की मात्र ती सावरून बसतात, असा माझा अनुभव आहे.

पूर्वी हे खड्डे उकरून अंडी खाल्ली आणि विकली जात. माणसांच्या तावडीतून सुटली ती कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी पडत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या रांगण्याच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवायची. कामाचा गाभा एवढाच आहे. विशेष हे, की ते गावच्या तरुणांनी अंगावर घेतले. जे हात अंडी उकरत होते त्याच गावाचे हात राखण करू लागले.

पण राखण करणाऱ्याचे पोट कसे भरायचे? त्यातून २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. महोत्सव म्हटले की आपल्याला मांडव आणि ध्वनिवर्धक आठवतात. येथे त्यातले काही नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरातलेच जेवतात, आणि सकाळी व संध्याकाळी पिल्ले सोडायच्या वेळी किनाऱ्यावर जातात. दोर बांधलेला असतो, त्याच्या अलीकडे उभे राहायचे. टोपलीतून आणलेली तळहातापेक्षा लहान पिल्ले पाण्यात न टाकता वाळूवर ठेवतात. तेवढे अंतर त्यांनी स्वतः चालून जायचे. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. गावातला कासवमित्र सांगत असतो आणि शहरातले साहेबलोक गप्प उभे राहून ऐकत असतात. हे दृश्य मला त्या पिल्लांइतकेच मोलाचे वाटते.

कधी कधी दोन दिवस राहूनही एकही पिल्लू बाहेर येत नाही. पैसे भरून आलेले लोक मग कुरकुरतात. कुरकुर करू द्यावी. ज्याच्यावर आपला हुकूम चालत नाही असे काहीतरी मुलांनी एकदा पाहिलेले बरे. खरी काळजी वेगळी आहे. गर्दी वाढली की दोर ओलांडला जातो, पिल्लाला जरा बाजूला घेऊन फोटो काढू द्या असा आग्रह होतो. ज्या पिल्लांपैकी हजारात एखादेच मोठे होते असे मानतात, त्यांना किनाऱ्यावरच दमवण्यात काय अर्थ? सांगणाऱ्या माणसाला नाही म्हणता आले पाहिजे आणि ते ऐकणारा पाहुणाही पाहिजे.

या सगळ्यातून माहितीही मिळत गेली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवून तिला सोडण्यात आले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालचा उपसागर सोडून ती भारताला वळसा घालून इकडे आली. राज्यांच्या सीमांवर वर्षानुवर्षे डोके शिणवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बातमी जरा गंमतीचीच वाटावी.

गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथेही कासवे येतात आणि वनखाते त्यांची राखण करते. पण शेजारीच खुर्च्या, दिवे आणि संगीत, त्यामुळे पर्यटकाला कासवाचा पत्ता लागेलच असे नाही. त्यापेक्षा रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे. तेथील सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे, पण तिवरांच्या मुळांतून चालणारी पायवाट लहान मुलांनाही झेपते.

घरात दोन भाषा असल्याचा किनाऱ्यावर मोठा फायदा होतो. मराठीतली भरती-ओहोटी कन्नडमध्ये ‘उब्बर-इळित’. आपले कासव म्हणजे ‘आमे’, समुद्रातले ‘कडलामे’. बांगडा तिकडे ‘बंगुडे’ होतो, खेकडा ‘एडी’, नदीचे मुख ‘अळिवे’. आणि कांदळवनाला कन्नडमध्येही ‘कांडला वन’च म्हणतात. होन्नावरजवळ शरावतीच्या खाडीत कांडला वनातून लाकडी पायवाट बांधली आहे. तेथे आजोबांनी मराठीत आणि आईने कन्नडमध्ये एकच झाड दाखवले तर नाव जवळपास एकच निघते.

आता आपल्या कारवारकडे वळू. कारवारला काय नाही? टागोरांच्या नावाचा किनारा आहे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ येथे जिल्हा न्यायाधीश होते. १८८३ च्या सुमारास बावीसेक वर्षांचे रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि येथेच त्यांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य लिहिले. याच सत्येंद्रनाथांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले, हे तर मराठी घरांना माहीत असायलाच हवे. किनाऱ्यावर नौदलातून निवृत्त झालेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका २००६ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. कोडीबागला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. काळी नदीच्या पलीकडे सदाशिवगड. एका दिवसात पायी आणि रिक्षाने फिरता येईल एवढ्या परिसरात निसर्ग, आरमार, साहित्य आणि इतिहास सगळे एकवटले आहे. या सगळ्याला जोडून सांगणारा मात्र सहसा कोणी भेटत नाही. नौकेत नौकेची माहिती, किनाऱ्यावर फलक, गडावर तेवढेही नाही.

इतिहासाच्या बाबतीत ही उणीव जास्त जाणवते. आपल्या भागातली मुले घरात एक इतिहास ऐकतात, शाळेत दुसरा. सीमाप्रश्नाच्या यादीत बेळगाव-निपाणीबरोबर कारवारचेही नाव आहे, त्यामुळे येथे काही सांगायचे म्हटले की सांगणारा आधी ‘समोरचा कोणत्या बाजूचा?’ ते पाहतो. खरे तर या किनाऱ्याची गोष्ट एका बाजूची होऊच शकत नाही. १६३८ मध्ये इंग्रजांनी येथे मिऱ्यांसाठी वखार घातली. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज समुद्रमार्गे बसरूरवर गेले, परतताना गोकर्णाला दर्शन घेतले आणि अंकोल्यावरून कारवारला आले. गावाने खंडणी जमवून दिली, त्यात इंग्रजांनी आपला ११२ पौंडांचा वाटा भरला. महाराजांच्या आरमाराची कूच ज्या बसरूरवर झाली ते कर्नाटकाच्या व्यापाराचे भरभराटीचे बंदर होते. ते लुटले गेले, हेही त्याच गोष्टीत आहे आणि दोन्ही सांगायला हवे. सदाशिवगड बांधला तो सोंद्याच्या बसवलिंग राजाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याला नाव दिले आपल्या वडिलांचे. पुढे हैदर अलीच्या स्वारीनंतर सोंद्याचे राजघराणे गोव्यात फोंड्याजवळ बांदोड्याला जाऊन राहिले. कन्नड मुलखातले राजे, गड काळीकाठी आणि वस्ती गोव्यात! १८६२ मध्ये हा उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १९५६ मध्ये बेळगावबरोबरच म्हैसूर राज्यात गेला. आता यातले ‘आमचे’ किती आणि ‘त्यांचे’ किती, ते चाकूने कापून दाखवा.

हे सांगायला मोठा निधी लागत नाही. वेळासला काय होते? एक संस्था, जिद्दीची चार माणसे आणि घरे उघडी ठेवणारे गाव. कारवारच्या महाविद्यालयातली मुले कोकणी, कन्नड, मराठी तिन्ही सहज बोलतात. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी अशा चार मुलांनी गडाच्या पायथ्याशी उभे राहून ठरलेल्या वेळी लोकांना वर न्यावे, संध्याकाळी सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ओहोटीला खडक दाखवावेत. बेळगाव-खानापूरच्या शाळांच्या सहली दरवर्षी तिकडे जातातच, त्यांना हे नको असेल का? आमच्याकडच्या शिक्षकांनीही सहलीआधी एक पत्र लिहून अशी सोय मागितली तर कदाचित लवकर होईल. मागणारेच नसतील तर उभे कोण राहणार?

तोपर्यंत ज्यांना आपले आपण पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. वेळासचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, अंडी उशिरा घातली तर तोही पुढे जातो. म्हणून आधी विचारून, राहण्याची सोय ठरवूनच निघावे. कोकण रेल्वेने खेडला उतरून मंडणगडमार्गे जाता येते. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुले पाहायची तर पूर्ण ओहोटी हवी. तिची वेळ काढायचा कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त मागे हटते, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास खडक उघडे असतात. ओल्या खडकावर रबरी तळव्याची जुनी पादत्राणे घालावीत, उचललेला दगड पुन्हा तसाच ठेवावा आणि पाणी वळू लागले की मुलांना घेऊन मागे फिरावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असतेच, घाट उतरण्याआधी तेवढी पाहून घ्या.