लिंकनचा पक्ष, दक्षिणेची मते

अमेरिकेत वंशाचा प्रश्न निघाला की रिपब्लिकन नेते आपला पक्ष लिंकनचा असल्याची आठवण करून देतात आणि डेमोक्रॅट १९६४च्या नागरी हक्क कायद्याकडे बोट दाखवतात. दोन्ही दावे खरे आहेत, पण अर्धे. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी १८५४ मध्ये स्थापन झालेला पक्ष एकशेदहा वर्षांनी दक्षिणेतल्या नाराज गोऱ्या मतदारांचा आधार कसा बनला आणि एकेकाळी गुलाममालकांची पाठराखण करणारा पक्ष कृष्णवर्णीयांचा कसा झाला, याचा मागोवा घेतला तर एक सूत्र हाती लागते. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या मतांमुळे निकाल फिरू शकतो, असे दिसू लागल्यावरच पक्ष हलतात. ती मते हक्काची आहेत असे वाटू लागले की त्यांच्या कळकळीला ओहोटी लागते.

यादवी युद्धानंतरचा रिपब्लिकन उत्साह खोटा नव्हता. १८६५ ते १८७० या पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या झाल्या: गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले, वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी आली. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सेनेटर झाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्या कर्तृत्वाची ही शिखरवेळ होती. मात्र उतरणही तेव्हाच लागली होती. १८७७ मध्ये वादग्रस्त अध्यक्षीय निवडणूक तडजोडीने मिटली आणि दक्षिणेत मुक्तांच्या हक्कांना मिळणारे लष्करी संरक्षण संपले. १८९० मध्ये काँग्रेसच्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारे लॉज विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सेनेटमध्ये रिपब्लिकनांनीच चांदीच्या आणि जकातीच्या प्रश्नांना अग्रक्रम देऊन ते बाजूला सारले. १८८९-९० मध्ये पश्चिमेतली सहा नवी राज्ये संघात आली होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतांवाचून बहुमत जुळू शकत होते. डेमोक्रॅटांकडे जाणे त्या मतदारांना शक्यच नव्हते, त्यामुळे त्यांना गमावण्याची भीतीही नव्हती. या बेफिकिरीची किंमत लुइझियानात दिसते. तिथे १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. नव्या राज्यघटनेच्या मालमत्तेच्या आणि साक्षरतेच्या अटींनंतर, १९०४ मध्ये उरले १,३४२. ही चाळणी डेमोक्रॅटांनी लावली. लिंकनचा पक्ष बघत राहिला.

पुढचे वळण कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात ठरले नाही. १९१०च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, क्लीव्हलंडकडे निघाली. १९७० पर्यंत सुमारे साठ लाख माणसे हलली. मिसिसिपीत ज्याला मतपेटीजवळ फिरकू देत नसत, त्याचे मत इलिनॉयमध्ये मोजले जाऊ लागले. १९२८ मध्ये शिकागोने ऑस्कर डी प्रीस्ट या कृष्णवर्णीय रिपब्लिकनाला प्रतिनिधिगृहात पाठवले; १९३४ मध्ये आर्थर मिचेल या कृष्णवर्णीय डेमोक्रॅटाने त्यांना हरवले. डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दक्षिणेतल्या स्वपक्षीयांना दुखवायचे नाही म्हणून झुंडबळीविरोधी विधेयकामागे वजन टाकले नाही, तरी मंदीतल्या मदतकार्यामुळे १९३६ मध्ये कृष्णवर्णीयांची मोठी बहुसंख्या त्यांच्याकडे वळली. ही मते आता उत्तरेतल्या शहरी संघटनांची आणि कामगार संघांची गरज बनली आणि त्यांनीच पक्षाला आतून रेटायला सुरुवात केली. १९४८ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात मिनियापोलिसचे तरुण महापौर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी नागरी हक्कांचा ठोस ठराव मांडला. तो ६५१½ विरुद्ध ५८२½ मतांनी, पक्षश्रेष्ठींची इच्छा नसताना, मंजूर झाला. दक्षिणेतले काही प्रतिनिधी सभागृह सोडून गेले, दक्षिणेतले डेमोक्रॅट नेते स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळी चूल मांडून चार राज्ये जिंकली. तरीही डेमोक्रॅटांचे अध्यक्षीय उमेदवार ट्रुमन निवडून आले. ओहायोत त्यांचे मताधिक्य जेमतेम सात हजारांचे होते. शहरी कृष्णवर्णीय मतांचे मोल इतके उघडपणे याआधी कुणी पाहिले नव्हते.

हे मोल दोन्ही पक्षांना कळत होते, म्हणूनच १९४८ ते १९६४ हा काळ फलदायी ठरला. रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५६ मध्ये दहापैकी जवळजवळ चार कृष्णवर्णीय मते मिळाली होती. ती चुरस १९६४ मध्ये संपली. नागरी हक्क विधेयक सेनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाले, त्यात २७ रिपब्लिकन बाजूने आणि सहा विरोधात होते. डेमोक्रॅटांमध्ये हा आकडा ४६ आणि २१ होता. पण त्या सहांतले बॅरी गोल्डवॉटर काही आठवड्यांतच पक्षाचे अध्यक्षीय उमेदवार झाले. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांना ९७ टक्के मते देणाऱ्या मिसिसिपीने गोल्डवॉटर यांना ८७ टक्के दिली. थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले.

रिपब्लिकन प्रवक्ते इथे म्हणतात की, कायद्याच्या बाजूने रिपब्लिकनांचे प्रमाण जास्त होते, मग बदल कसला? प्रमाण जास्त होते हे खरेच. सेनेटमधले रिपब्लिकन विरोधी पक्षनेते एव्हरेट डर्कसन यांच्यावाचून दक्षिणेचा अडथळा मोडला नसता. मात्र त्या मतांची विभागणी प्रदेशावर झाली होती. दक्षिणेतल्या २१ डेमोक्रॅट सेनेटरांपैकी एकानेच बाजूने मत दिले, आणि दक्षिणेतल्या एकमेव रिपब्लिकनाने विरोधात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दक्षिण रिपब्लिकन झाली ती उद्योग, उपनगरे आणि वाढत्या मध्यमवर्गामुळे, वंशामुळे नव्हे. सीमेलगतच्या दक्षिणी राज्यांबाबत यात तथ्य आहे. शिवाय दक्षिणेतल्या बहुतेक जागा रिपब्लिकनांकडे जायला १९९४ उजाडले. पण मिसिसिपी १९६४ मध्ये देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी होते. ते एका निवडणुकीत उलटे फिरले, त्याचा खुलासा उपनगरांनी होत नाही. २००५ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन यांनी वांशिक ध्रुवीकरणातून लाभ घेऊ पाहिल्याची चूक कृष्णवर्णीयांच्या संघटनेपुढे जाहीरपणे मान्य केली.

मग तत्त्वाला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला नसता तर युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या भेदभावावर बंदी आली नसती. स्थलांतराने मते दिली. त्यांना मागणीचे रूप दिले ते तत्त्वासाठी झटणाऱ्या माणसांनी. संख्या आणि निष्ठा एकत्र आल्या तिथेच पक्ष हलला. म्हणून पक्षाची वंशावळ हा त्याच्या आजच्या भूमिकेचा पुरावा मानता येत नाही, आणि हा नियम डेमोक्रॅटांनाही लागू आहे. १९६४ पासून दहापैकी आठ-नऊ कृष्णवर्णीय मते त्यांनाच पडत आली आहेत. १८९० मध्ये रिपब्लिकनांची नेमकी हीच स्थिती होती. पूर्वजांच्या पुण्याईवर मत मागणाऱ्या कोणत्याही पक्षाला मतदाराने एकच विचारावे: मी उद्या गेलो तर तुमचे काय बिघडेल? ज्या पक्षाकडे याचे उत्तर नसेल, त्याची कळकळ फार दिवस टिकत नाही.