चक (लाकडी कातकाम)

लाकडी कातकामातील चक हे लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, बसवून लाकडाचा तुकडा एका बाजूने पक्का धरणारे उपकरण आहे. लाटणे, पलंगाचा पाय, कठड्याचा खांब अशा लांबट वस्तू दोन टोकांच्या मध्ये धरून कातता येतात. वाडगा, डबी, पेला किंवा फुलदाणी पोखरताना मात्र तुकड्याचे एक टोक हत्यारासाठी मोकळे ठेवावे लागते व सर्व भार दुसऱ्या टोकावर येतो. हा भार पेलण्याचे काम चक करतो. छंद म्हणून कातकाम करणाऱ्यांमध्ये चार जबड्यांचा स्वकेंद्री चक सर्वाधिक प्रचलित आहे.

एका उत्पादकाचे जबडे दुसऱ्याच्या चकावर सहसा बसत नाहीत. त्यामुळे पहिला चक निवडताना पुढे लागणाऱ्या जोडसाहित्याची मालिकाही निवडली जाते. चुकीच्या निवडीने पैसा वाया जातोच, शिवाय वेगाने फिरणारे लाकूड सुटून गंभीर इजा होण्याचा धोकाही असतो.

रचना व कार्य

स्वकेंद्री चकाच्या धडामध्ये एक तबकडी असते. तिच्या पृष्ठभागावर सर्पिल खाच कोरलेली असते व तिला स्क्रोल म्हणतात. चार सरकत्या पट्ट्यांचे दाते या खाचेत गुंतलेले असतात आणि प्रत्येक पट्टीवर एक जबडा स्क्रूने बसवलेला असतो. तबकडी फिरवली की चारही जबडे सारख्याच अंतराने आत किंवा बाहेर सरकतात, त्यामुळे तुकडा आपोआप मध्यावर येतो.

असा चक लाकूड दोन प्रकारे धरतो. तुकड्याच्या तळाशी कातलेल्या गोल खुंटीवर जबडे बाहेरून आवळले जातात. या खुंटीला सुतारकामातील शब्दाने कुसू किंवा टेनन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तळाशी उथळ गोल खाच कातून तिच्यात जबडे आतून फाकवले जातात.

इतिहास

तीन जबड्यांच्या लेथ चकासाठी अलेक्झांडर बेल नावाच्या कारागिराला १८१८-१९च्या सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने रौप्यपदक दिले होते. अमेरिकेत सायमन फेअरमन यांना १८ जुलै १८४० रोजी स्क्रोल चकाचे पेटंट मिळाले. आजच्या चकाचे मूळ रूप त्यात दिसते. फेअरमन यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी पुढे या रचनेत सुधारणा केल्या. हे चक मुख्यतः धातुकामासाठी होते.

लाकूड कातणारे कारागीर दीर्घकाळ फेसप्लेट, स्क्रू चक किंवा लाकडातच कोरलेल्या घट्ट खोबणीवर काम भागवत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातकाम हा छंद म्हणून पसरला. १९८६ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था स्थापन झाली. याच काळात खास लाकडासाठी बनवलेले चार जबड्यांचे चक लोकप्रिय झाले. न्यूझीलंडमधील टेकनाटूल (नोव्हा), ऑस्ट्रेलियातील विकमार्क, कॅनडातील वनवे आणि ब्रिटनमधील रेकॉर्ड पॉवर व ॲक्समिन्स्टर हे या क्षेत्रातील परिचित उत्पादक आहेत.

निवडीचे निकष

स्पिंडलचे आटे

चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवला जातो. म्हणून दोन्हींच्या आट्यांचा व्यास व अंतर तंतोतंत जुळणे ही पहिली अट असते. नेहमी आढळणारी मापे पुढीलप्रमाणे आहेत :

• १ इंच व्यास, प्रति इंच ८ आटे : अनेक लहान व मध्यम लेथ.
• १¼ इंच व्यास, प्रति इंच ८ आटे : मोठे लेथ, विशेषतः अमेरिकी बाजारातील.
• एम ३३ × ३.५ : ३३ मिमी व्यास व आट्यांत ३.५ मिमी अंतर; युरोपीय लेथ.
• ¾ इंच व्यास, प्रति इंच १६ आटे : काही लहान, प्रामुख्याने ब्रिटिश लेथ.

केवळ डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज फसवा ठरतो. १¼ इंच म्हणजे ३१.७५ मिमी असल्याने हे माप एम ३३च्या जवळचे भासते, परंतु आट्यांतील अंतर निराळे असल्याने एकाचा चक दुसऱ्यावर योग्य बसत नाही. लेथच्या माहितीपुस्तिकेत माप नसल्यास व्हर्नियर कॅलिपरने व्यास आणि आटेमापक पट्टीने आट्यांतील अंतर मोजतात. चकाची मागील बाजू स्पिंडलच्या खांद्याला पूर्णपणे टेकणेही आवश्यक असते. मध्ये फट राहिल्यास चक डुलतो व लाकूड मध्यावर फिरत नाही.

काही चकांचे आटे थेट धडातच कापलेले असतात, तर काहींना बदलता येणारी आट्यांची बुशी असते. पहिला प्रकार लांबीला किंचित आखूड व अधिक ताठ असतो. दुसऱ्या प्रकारात पुढे मोठा लेथ घेतल्यास केवळ बुशी बदलून तोच चक वापरता येतो. लहान लेथवर सुरुवात करणाऱ्यांना हा प्रकार दीर्घकाळ उपयोगी पडतो. लेथ व चक यांचे आटे जुळवणारे स्वतंत्र जोडही मिळतात. मात्र त्यांनी चक स्पिंडलपासून आणखी पुढे जातो व कंप वाढतो.

आकार व वजन

चकाचा आकार लेथच्या क्षमतेशी जुळलेला असावा लागतो. सुमारे २५० ते ३०० मिमी व्यासाचा तुकडा फिरवू शकणाऱ्या लेथवर साधारण ९० ते १०० मिमी धडाचा चक योग्य ठरतो. ४०० मिमी व त्याहून मोठ्या लेथवर १२० मिमीच्या आसपासचा चक वापरतात. मोठा चक अधिक सुरक्षित असतो, हा समज लहान लेथच्या बाबतीत खरा नाही. जड चकामुळे बेअरिंगांवर भार येतो, लाकूड हेडस्टॉकपासून दूर जाते आणि हत्याराच्या धक्क्याने ते अधिक थरथरते.

कसण्याची पद्धत

स्वस्त चकांत दोन लोखंडी दांड्या विरुद्ध दिशांना ओढून जबडे आवळावे लागतात. दोन्ही हात त्यात गुंतल्याने लाकूड धरायला हात उरत नाही. दुसऱ्या प्रकारात टी आकाराची किल्ली लहान दंतचक्रामार्फत स्क्रोल फिरवते. एका हाताने लाकूड धरून दुसऱ्याने ते कसता येते व पकडही अधिक घट्ट होते. वाडगे कातण्याचा विचार असल्यास किल्लीच्या चकासाठी होणारा जादा खर्च सामान्यतः योग्य मानला जातो.

जबड्यांची उपलब्धता

बहुतेक चकांसोबत सुमारे ५० मिमीचे जबडे व एक जाड स्क्रू येतो. सुरुवातीचे बरेचसे काम एवढ्यावर होते. पुढे लहान वस्तूंसाठी अरुंद जबडे, खोल फुलदाण्यांसाठी लांब जबडे, मोठ्या वाडग्यांसाठी ७५ ते १०० मिमीचे जबडे आणि वाडग्याचा तळ साफ करण्यासाठी रबरी बोंडांचे कोल जबडे लागू शकतात. हे संच मिळून चकाहून महाग पडू शकतात. म्हणून चकाच्या किमतीबरोबर त्या मालिकेतील जबडे सहज व सातत्याने मिळतात का, हेही पाहिले जाते.

जबड्यांच्या कडा दोन प्रकारच्या असतात. पारव्याच्या शेपटीसारख्या तिरप्या कडा कुसवाला पायथ्याशी कवळतात व त्याला चकाकडे ओढून घेतात. त्यासाठी कुसूही त्याच कोनात कातावे लागते. सरळ, दातेरी कडांना सरळ कुसू चालते, पण त्यांचे व्रण लाकडावर उमटतात.

धातूच्या लेथचे चक

धातुकामाचे तीन जबड्यांचे चक तुलनेने स्वस्त मिळतात, तथापि लाकडासाठी ते समाधानकारक ठरत नाहीत. त्यांचे अरुंद जबडे मऊ लाकडात रुततात, चौरस तुकडा त्यांत मध्यावर बसत नाही आणि धडाबाहेर आलेली जबड्यांची टोके हाताला लागण्याचा धोका असतो. असे अनेक चक स्पिंडलवर थेट न चढता मागील स्वतंत्र तबकडीवर बोल्टने बसवावे लागतात.

पकड व कुसवाचा आकार

लाकूड किती पक्के धरले जाईल, हे किल्ली किती जोराने आवळली यापेक्षा कुसू कसे कातले यावर अधिक अवलंबून असते. जबडे एका ठरावीक व्यासालाच पूर्ण वर्तुळ बनवतात. कुसू त्या व्यासाहून किंचितच मोठे असल्यास जबड्यांची संपूर्ण कड लाकडाला भिडते. ते फार मोठे असल्यास प्रत्येक जबड्याची केवळ दोन टोके, म्हणजे एकूण आठ बिंदू, लाकडाला टेकतात व तेथे लाकूड चेपले जाते.

कुसवाचा खांदा जबड्यांच्या पुढच्या सपाट पृष्ठभागावर पूर्ण टेकला पाहिजे आणि कुसवाचे टोक चकाच्या तळाला लागता कामा नये. टोक तळाला लागले तर खांदा अधांतरी राहतो आणि हत्याराच्या पहिल्याच झटक्याला तुकडा हलतो. वाडग्यांसाठी साधारण ६ ते १० मिमी उंचीचे कुसू पुरते. त्याचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते दोन पंचमांश ठेवण्याचा प्रघात आहे. त्यानुसार २४० मिमीच्या वाडग्याला ८० ते ९६ मिमीचे कुसू लागते. ५० मिमीच्या जबड्यांवर मोठे वाडगे कातण्याची मर्यादा यावरून लक्षात येते.

लाकडाचा प्रकारही महत्त्वाचा असतो. शिसव किंवा बाभळीचे कठीण लाकूड लहान कुसवावरही टिकते, तर आंब्याचे मऊ किंवा ओले लाकूड जबड्यांखाली दबते. त्यामुळे काही वेळाने लेथ थांबवून चक पुन्हा कसावा लागतो. खाच फाकवून धरताना तिच्याभोवती पुरेशी जाड भिंत ठेवावी लागते, अन्यथा जबड्यांच्या जोराने लाकूड रेषांच्या दिशेने उकलते. तडा गेलेला किंवा कुजका भाग कुसवासाठी वापरत नाहीत.

सुरक्षितता

किल्ली चकातच राहून लेथ सुरू होणे हा नेहमीचा व टाळता येण्याजोगा अपघात आहे. लेथ सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने एक फेरा फिरवून पाहतात आणि सुरू करताना फिरत्या लाकडाच्या रेषेत उभे राहत नाहीत. शक्य तितका वेळ टेलस्टॉकचा आधार कायम ठेवतात. चेहरा पूर्ण झाकणारी ढाल वापरतात. नुसता चष्मा सुटलेल्या वाडग्यापासून चेहऱ्याचे रक्षण करू शकत नाही.

गतीसाठी एक ठोकताळा रूढ आहे : तुकड्याचा इंचातील व्यास व दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,०००च्या दरम्यान असावा. १० इंची वाडग्यासाठी ही गती ६०० ते ९०० फेरे येते. ओबडधोबड, असंतुलित तुकड्याची सुरुवात याहूनही कमी गतीने करतात. कोल जबड्यांसाठी उत्पादकाने दिलेली कमाल गती बरीच कमी असते व ती ओलांडू नये. लेथ उलट दिशेने फिरवल्यास चक आट्यांवरून सुटू शकतो, म्हणून तेथे चक स्पिंडलवर अडकवणारा स्क्रू असणे आवश्यक ठरते.

पर्याय

चक नसतानाही पोकळ वस्तू कातता येतात. फेसप्लेट ही स्क्रूंसाठी छिद्रे असलेली धातूची तबकडी असून ती बहुधा लेथसोबतच मिळते. मोठ्या व असंतुलित तुकड्यांसाठी ती चकापेक्षाही भरवशाची मानली जाते. फेसप्लेटवर टाकाऊ लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर वाडग्याचा तुकडा सरसाने चिकटवल्यास स्क्रूंची छिद्रे वस्तूत पडत नाहीत. ठोकळ्यात नेमकी खोबण कातून तिच्यात वस्तू दाबून बसवण्याची पद्धत सर्वांत जुन्या पद्धतींपैकी आहे. आर्थिक मर्यादा असलेले नवशिके काही काळ याच साधनांवर काम करून आपल्याला कोणत्या वस्तू कातायच्या आहेत हे ठरवतात व नंतर चक घेतात.

भारतातील कातकाम

मराठीत लाकूड कातणाऱ्या कारागिरास कातारी म्हणतात. भारतातील पारंपरिक हातलेथवर लाकूड दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरून दोरीने किंवा कमानीने फिरवले जाई, त्यामुळे तेथे जबड्यांच्या चकाची गरज नसे. महाराष्ट्रातील सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण ही ठिकाणे रंगीत लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. चन्नपट्टणच्या कातीव खेळण्यांसाठी प्रामुख्याने काळ्या कुड्याचे लाकूड वापरले जाते व फिरत्या लाकडावर लाखेची कांडी घासून त्यांना रंग दिला जातो.

हे सुद्धा पहा

• लेथ
• सुतारकाम
• सावंतवाडी
• चन्नपट्टण खेळणी