रेषा राखणारी कोरणी

झरीना हाश्मी यांचे ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे मुद्राचित्र पहिल्या नजरेत अगदी साधे वाटते. फिकट कागदावर वरून खाली उतरणारी एकच वेडीवाकडी काळी रेषा. ती १९४७ च्या फाळणीची सीमा आहे.

ही रेषा उमटते कशी? सपाट लाकडी फळीवर आधी आकृती काढतात, तीही उलटी, कारण छापताना डावे-उजवे बदलते. मग कोरणी चालते. वुडकटमध्ये, म्हणजे लाकडावर कोरून घेतलेल्या छापात, कोरलेला भाग कोरा राहतो आणि उंच राहिलेला भाग शाई धरतो. म्हणजे एक काळी रेषा हवी, तर तिच्या दोन्ही बाजूंचे सगळे लाकूड खोदून काढावे लागते. हात जरा सुटला तर रेषा तुटते, आणि तुटलेले लाकूड परत जोडता येत नाही. काढून टाकत आकार मिळवण्याची ही रीत शिल्पकाराची आहे, आणि झरीना शिल्पकारही होत्या. पुढे शाईचा पातळ थर रुळाने पसरवतात. जाड झाला तर बारीक खाचा बुजतात. त्यावर कागद ठेवून दाब देतात आणि एका कोपऱ्यापासून अलगद सोलतात.

झरीनांचा जन्म १९३७ चा, अलीगढचा, पदवी गणिताची. पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत त्या मुद्राचित्रण शिकल्या. १९६८ ते १९७४ या दिल्लीतल्या वर्षांत त्या लाकडाचे तुकडे शेजारी शेजारी जुळवून त्यांचेच छाप घेत. त्या चित्रांतले चौकोन, पट्टे आणि फटी म्हणजे त्या तुकड्यांच्याच कडा. भूमितीला लाकडाच्या रेषांची ऊब मिळते ती इथे, आणि मला त्यांचे हे सुरुवातीचे काम नंतरच्या प्रसिद्ध मालिकांइतकेच मोलाचे वाटते.

एकाच फळीवरून अनेक छाप निघतात. छापाखाली पेन्सिलीने ५/२० असे लिहिले असेल, तर तो वीस प्रतींपैकी पाचवा. प्रत्येक प्रत अस्सलच मानतात; तिला नक्कल म्हणू नये.

२०२० मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयात झरीनांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. त्यांचे वुडकट कुठे पाहायला मिळाले तर जवळ जा आणि रेषेभोवतीची मोकळी जागा आधी नीट बघा. तिथले काळे कण म्हणजे कोरणीच्या घावांतून उरलेल्या लाकडाने टिपलेली शाई. ते छायाचित्रात नीट दिसत नाहीत.