हेडलाइट बंद? बल्ब नंतर घ्या, आधी दोष शोधा

पहाटे फुलंब्री, कन्नड, पैठणकडून माल भरून पिकअप गाड्या छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजाराकडे निघतात. त्यांपैकी अनेक जुन्या गाड्या एकाच दिव्यावर धावतात. समोरच्याला अंधारात ती मोटारसायकल वाटते, तो तेवढीच जागा सोडतो आणि घात होतो. एका दिव्याच्या दुर्लक्षापायी माल, गाडी आणि माणूस तिन्ही गमावण्याची पाळी येते.

आमच्या ओळखीच्या एका भाजी व्यापाऱ्याने महिन्यात उजव्या बाजूचे तीन बल्ब बदलले. दिवा चार दिवस लागे, पुन्हा बंद. शेवटी एका वयस्क मिस्त्रीने जुने बल्ब मागवून बॅटरीवर लावून पाहिले. तिन्ही शाबूत! दोष अर्थच्या गंजलेल्या वायरीत होता. बल्ब बदलताना वायर हलायची, म्हणून तात्पुरता दिवा लागायचा.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी क्रमाने तपासा. दोन्ही दिवे बंद असतील तर बल्बपेक्षा फ्यूज, रिले, स्विच किंवा डिपरवर संशय घ्यावा. एकच बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, कपलर व अर्थ पाहावा. मात्र काही गाड्यांत दोन्ही बाजूंचे फ्यूज वेगळे असतात, हे विसरू नये.

इंडिकेटरच्या 21 वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडल्या की तपासणीचा दिवा तयार. हेडलाइटचा कपलर काढून स्विच चालू करा. दिव्याची एक वायर चेसीच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरी कपलरच्या डिपरच्या पिनेला लावा. दिवा लागला तर करंट येतो आहे. आता पहिली वायर चेसीऐवजी कपलरच्याच अर्थच्या पिनेला लावा. दिवा विझला किंवा मंदावला तर बहुतेक गाड्यांत अर्थ खराब समजावा. ती जागा पॉलिश पेपरने घासा, नट आवळा, वर थोडे ग्रीस लावा. खर्च जवळजवळ शून्य.

दोन चुका टाळाव्यात. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार किंवा चांदी बांधू नये. वायरिंग पेटू शकते. दुसरी चूक जादा वॅटच्या बल्बची. नेहमीचा हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा असतो. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर करंट ओढतो, 100 वॅटचा आठाहून अधिक. जुनी वायर, होल्डर आणि स्विच तो भार सोसत नाहीत, वितळतात. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात. नवा हॅलोजन बसविताना काचेला बोट लावू नये. हाताच्या तेलाने काच तिथेच तापून बल्ब लवकर जातो. बल्ब खरोखरच वारंवार जळत असतील, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज तपासून घ्यावे.

आमच्या मिस्त्री बांधवांनाही एक विनंती आहे. काढलेला बल्ब गिऱ्हाइकासमोर तपासून दाखवा. चांगला असेल तर परत बसवा आणि फक्त मजुरी घ्या. त्या दिवशी बल्बचा नफा जाईल, पण तो गाडीवाला पुढच्या वेळी तुमच्याच दुकानासमोर थांबेल.