समोरासमोर दोन रांगा आणि एक बोलकं मडकं

बेंगळुरूच्या कब्बन रोडवर एक जुनं चर्च आहे. नाव सेंट अँड्र्यूज. उंच मनोरा आणि मनोऱ्यावर घड्याळ! ते १८६६ साली बांधून झालं. कोणासाठी, ओळख बघू?

छावणीत राहणाऱ्या स्कॉटिश सैनिकांसाठी आणि इथे आलेल्या स्कॉटिश कुटुंबांसाठी! स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनच्या उत्तर टोकाचा डोंगराळ, गार, सतत भिजलेला देश. तिथल्या लोकांना प्रार्थना लागते, गरम चहा लागतो, आणि आणखी एक गोष्ट हवीहवीशी असते. नाच!

तू म्हणशील, नाच तर सगळ्यांनाच आवडतो. खरंय. पण हा नाच एकट्याने करताच येत नाही. दोघांनीही भागत नाही. लागतात आठ जण! चार जोड्या. चौघं एका रांगेत आणि चौघं त्यांच्यासमोर. मधे मोकळी जागा. याला म्हणतात स्कॉटिश कंट्री डान्स.

आता गंमत ऐक. तुमच्या वर्गात दर आठवड्याला बाक बदलतात ना? पुढचे मागे जातात आणि बाकीचे एकेक बाक पुढे सरकतात. या नाचातही तसंच होतं! वरच्या टोकाची पहिली जोडी नाचत नाचत दुसऱ्या जागेवर येते. तिथून तोच नाच पुन्हा करते आणि तिसऱ्या जागेवर पोहोचते. मग ती अगदी तळाशी जाते. तोवर वरच्या टोकाला कोण आलेलं असतं? दुसरी जोडी! आता त्यांची पाळी. प्रत्येक जोडीला दोन फेऱ्या, आणि जोड्या चार. चार दुणे आठ. आठव्या फेरीअखेर सगळे पुन्हा आपापल्या मूळ जागी!

कोणी मागे राहत नाही आणि कोणी कायम पुढे मिरवत नाही. मला हा हिशेब फार म्हणजे फार आवडतो.

पण थांब. आठ माणसं गिरक्या घेतायत, एकमेकांना ओलांडतायत, हात धरतायत आणि सोडतायत. कोणी ओरडून सूचना देत नाही. मग कधी वळायचं, हे त्यांना कळतं कसं?

कान! सगळं कानांनी कळतं.

संगीतात एक छोटं माप असतं. भरभर नाचताना ते साधारण एका सेकंदात संपतं. अशा आठ मापांचा एक तुकडा. तुकडा संपतो तेव्हा चाल थोडी विसावते, जशी तू वाक्य वाचताना पूर्णविरामाशी थांबतेस किंवा थांबतोस. नाचाची एकेक आकृतीही साधारण तेवढ्यातच बसवलेली असते. सूर विसावला की पाय नव्या आकृतीकडे वळतात. बहुतेक नाचांत असे चार तुकडे मिळून एक फेरी होते, म्हणजे ३२ मापं. फेऱ्या आठ. झाली २५६ मापं! एवढं सगळं साडेचार मिनिटांच्या आसपास संपतं, आणि नाचणाऱ्यांचे गाल लालबुंद होतात.

एक आकृती तर तुम्ही आत्ताच करू शकता. तिघं जण एका ओळीत उभे राहा. आता एकमेकांना ओलांडत जमिनीवर मोठा इंग्रजी आठचा आकडा चाला. तिघंही एकाच वेळी आणि एकाच आठवर! मधल्या फुलीपाशी धडक होणार असं वाटतं ना? होत नाही! प्रत्येक जण तिथे वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. पहिल्यांदा सावकाश करा हं, आणि तोंडाने आठ मोजा.

स्कॉटलंड म्हटलं की तुला पिशवीचं वाद्य आठवलं असेल. बॅगपाइप! पण या नाचात बहुतेक वेळा तो नसतोच. असतात व्हायोलिन, अकॉर्डियन आणि पियानो. आणि वाजवणारे काय हुशारी करतात सांगू? आठही फेऱ्यांना एकच चाल वाजवली तर सगळे कंटाळतील. म्हणून ते मधे वेगवेगळ्या चाली घालतात. शेवटच्या फेरीला मात्र पहिली चाल परत आणतात. ती कानावर पडली की नाचणाऱ्यांना कळतं, आता शेवटची फेरी! आणि पायांत कुठून तरी नवा जोर येतो.

हे नाच विसरले जाऊ नयेत म्हणून १९२३ साली ग्लासगो शहरात एक संस्था सुरू झाली. जीन मिलिगन आणि यझबेल स्ट्यूअर्ट या दोघींनी ती उभी केली. आज तिच्या शाखा जगभर आहेत. एका देशात शिकलेला नाच दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसांबरोबर लगेच नाचता येतो. भाषा कळली नाही तरी चालतं!

यातला एक नाच कुठे जन्मला, ते तू शंभर वेळा अंदाज केलास तरी सांगता येणार नाही. तुरुंगात!

दुसरं महायुद्ध चालू होतं. जून १९४० मध्ये स्कॉटलंडच्या ५१व्या हायलँड डिव्हिजनचे हजारो सैनिक फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडले. त्यांच्या काही अधिकाऱ्यांना जर्मनीतल्या लाउफेन गावी कैदेत ठेवलं. घर दूर, खायला कमी, आणि सुटका कधी होईल याचा पत्ता नाही. तिथे जिमी ॲटकिन्सन नावाच्या एका अधिकाऱ्याने एक नवा नाच रचला. नाचणारे आधी हात धरून एक तिरकी रेघ करतात. मग उलट बाजूची दुसरी तिरकी रेघ. दोन्ही एकावर एक ठेवून बघ. काय दिसलं?

फुली! स्कॉटलंडच्या निळ्या झेंड्यावर हीच पांढरी फुली असते. ती संत अँड्र्यूची खूण. कैद्यांनी आपला झेंडा पायांनी जमिनीवर काढला होता! असं सांगतात की त्या नाचाची माहिती एका पत्रातून घरी पाठवली, तर पत्र तपासणाऱ्यांना ती गुप्त लिपीच वाटली. बिचारे ती सोडवत बसले! तो नाच आजही जगभर नाचतात.

आता आपल्याकडे वळू. दोन रांगा, समोरासमोर, आणि बाजूला वाजवणारे. असा नाच आपल्या शेजारीही आहे! कुठे? गोव्यात! त्याचं नाव मांडो.

इतक्या दूरच्या नाचांत एवढं साम्य कसं? कारण रांगांचे नाच प्रवासाला निघाले होते! १६५१ साली लंडनमध्ये जॉन प्लेफर्डने अशा नाचांचं एक पुस्तक छापलं. हे नाच उत्तरेला स्कॉटलंडमध्ये गेले. समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये गेले. तिथून युरोपभर पसरले आणि पोर्तुगालातही पोहोचले. आणि गोव्यावर तेव्हा राज्य कोणाचं? पोर्तुगिजांचं! मांडोच्या पावलांत अभ्यासकांना याच नाचांची छाप दिसते. म्हणजे स्कॉटलंडचा नाच आणि गोव्याचा मांडो ही लांबची भावंडं झाली की!

पण स्वभाव बघ किती वेगळे. स्कॉटिश नाच उड्या मारतो. मांडो सावकाश झुलतो. तो एकोणिसाव्या शतकात सासष्टी तालुक्यातल्या कुडतरी, लोटली अशा गावांत बहरला. ख्रिस्ती कुटुंबांच्या मोठ्या घरांतल्या दिवाणखान्यांत, लग्नाच्या समारंभांत तो नाचला जायचा. एका रांगेत बायका. अंगात जरीचं काम केलेला मखमली पोशाख आणि हातात पंखा. समोर पुरुष, कोट घालून अगदी टापटीप. रांगा एकमेकींकडे येतात, मागे सरतात, एकमेकींना ओलांडून जागा बदलतात. पंखा उघडतो, मिटतो, हळूच चेहऱ्याआड जातो. गाणं कोकणीत, बहुतेक वेळा प्रेमाचं नाही तर विरहाचं. आणि गाताना दोन आवाज एकाच वेळी दोन वेगळ्या सुरांवर असतात, तरीही एकमेकांत छान मिसळतात!

वाजवायला व्हायोलिन असतं. ते युरोपातून आलेलं. आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसतं आपलं मातीचं घुमट!

घुमट म्हणजे मडकंच, पण दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं. छोटं तोंड उघडं. वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो. दुसरा हात मात्र छोट्या तोंडाशी खेळत असतो. कधी झाकतो, कधी अर्धं उघडतो, कधी पूर्ण सोडतो. आणि आवाज बदलत जातो! मडकं तेच, चामडं तेच, थापही तीच. मग आवाज कसा बदलला?

इथे माझा अगदी लाडका प्रयोग करायचा. स्वयंपाकघरातला रिकामा तांब्या घे. तोंड त्याच्या तोंडाजवळ ने, पण चिकटवू नकोस. आता "ऊऽऽऽ" असा सूर लाव. खालपासून हळूहळू वर चढव. काही होत नाही, काही होत नाही... आणि मग एका सुराला तांब्या एकदम गरजतो! हातालाही थरथर जाणवते. तो सूर त्या तांब्याचा स्वतःचा असतो. तू तो नेमका पकडलास, म्हणून तांब्याने साथ दिली!

आता तळहाताने तांब्याचं तोंड अर्धं झाक आणि पुन्हा कर. सापडला का सूर? यावेळी तो खालच्या बाजूला सापडतो, आधीपेक्षा जाड!

असं का? तांब्यात हवा भरलेली आहे. सूर लावला की तोंडापाशी असलेली हवा आत-बाहेर, आत-बाहेर करू लागते. सेकंदाला शेकडो वेळा! शाळा सुटल्यावर मोठं फाटक उघडं असेल तर सगळे भराभर बाहेर पडतात. अर्धं फाटक लावलं की गर्दीला वेळ लागतो. हवेलाही अरुंद तोंडातून ये-जा करायला जास्त वेळ लागतो. ये-जा सावकाश झाली की सूर खाली उतरतो. घुमट वाजवणाऱ्याचा दुसरा हात म्हणजे त्या फाटकाचा राखणदारच!

बेंगळुरूत हाच चमत्कार आणखी एका मडक्यात ऐकायला मिळतो. कर्नाटक संगीतातला घटम्! त्याला चामडं मुळीच नाही. मातीवरच बोटं नाचतात. मडक्याचं तोंड कलाकाराच्या पोटाशी असतं, आणि ते पोटावर दाबलं किंवा दूर केलं की आवाज बदलतो. बेंगळुरूच्या सुकन्या रामगोपाळ तर वेगवेगळ्या सुरांचे कितीतरी घटम् भोवती मांडून त्यांवर चक्क राग वाजवतात!

घुमटावर पूर्वी कोणाचं चामडं असायचं, माहीत आहे? घोरपडीचं! हो, सिंहगडाच्या गोष्टीतली तीच घोरपड. पातळ आणि चिवट कातडं. पण त्यासाठी घोरपडी मारल्या जायच्या. मग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळालं. आता घुमटाला बकऱ्याचं चामडं लावतात. काही जुन्या वादकांना तो जुना आवाज आठवतो. तरी मी म्हणेन, घोरपड झुडपात सुखाने फिरतेय आणि घुमटही वाजतंय, तर याहून चांगलं काय!

२०१९ साली गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आणि ते फक्त मांडोतच वाजतं असं समजू नकोस हं. गणेश चतुर्थीला गोव्यातल्या घराघरांत आरतीच्या साथीला घुमटच असतं. एकच मडकं, गणपतीपुढेही आणि चर्चमधल्या लग्नानंतरच्या मेजवानीतही! चतुर्थी पावसात येते तेव्हा हवा दमट असते, चामडं सैलावतं आणि आवाज बसतो. मग त्याला जरा ऊब दाखवायची. चामडं सुकतं, ताणलं जातं आणि घुमट पुन्हा खणखणीत बोलायला लागतं.

मांडो रचणारे गावातलेच लोक असत. लोटलीचे तोर्कात द फिगेरेदो हे त्यांतलं एक मोठं नाव. त्यांचा निरोपाचा मांडो गोव्यात आजही इतका लाडका आहे की मेजवानी संपताना लोक तो हमखास गातात आणि डोळे पुसतात.

पण मांडो संपला म्हणजे नाच संपला असं नाही! मांडोच्या पाठोपाठ येतं दुलपद. ते ऐकलंस की तुझे पाय जागेवर राहणारच नाहीत. लय एकदम धावायला लागते. विरह गेला कुठल्या कुठे! दुलपदात गावातल्या रोजच्या गमतीजमती असतात. इतका वेळ दबकत बोलणारं घुमट आता तडातडा बोलू लागतं. राखणदाराचा हात भराभर उघडझाप करतो. पंखे मिटतात, रांगा हसायला लागतात, आणि खुर्चीत बसलेली आजीसुद्धा टाळ्या धरते.

गोव्यात मांडोचा महोत्सव भरतो, तिथे तुझ्याएवढी मुलंही रांगा करून नाचतात. कधी गोव्याला गेलात तर आईबाबांना तिकडे घेऊन जायला सांग. आणि जागा पकडायची ती वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळची! तिथून घुमटाचं छोटं तोंड दिसतं. नाचाकडे सगळेच बघतात. तू त्या दुसऱ्या हातावर नजर ठेव.