पुसलेले पुसले जात नाही

संगणकातील फाइल डिलीट करून 'रीसायकल बिन' रिकामा केला, की ती कायमची नष्ट झाली अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात हार्ड डिस्कवरून पुसली जाते ती केवळ त्या फाइलची नोंद. ग्रंथालयातील कार्ड फाडावे आणि पुस्तक मात्र कपाटात तसेच राहावे, त्यातलाच हा प्रकार. त्या जागेवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर जाणकाराला परत मिळवता येतो.

अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी व्यवस्थित साफ केलेल्या होत्या अवघ्या १२! उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी ई-मेल सापडले. जुना संगणक भंगारात देणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

तेव्हा पुसण्यावर विसंबण्यापेक्षा मजकूर मुळातच कूटबद्ध ठेवणे, म्हणजे 'एन्क्रिप्शन', हा अधिक खात्रीचा मार्ग होय. विंडोजमधील 'बिटलॉकर' किंवा अ‍ॅपलमधील 'फाइलव्हॉल्ट' संपूर्ण डिस्क अशी कुलूपबंद करतात. ब्राझीलमधील बँकर डॅनियल डँटस यांच्या हार्ड डिस्क २००८ मध्ये पोलिसांनी जप्त केल्या. तेथील तज्ज्ञांना त्या उघडता आल्या नाहीत, म्हणून त्या एफबीआयकडे गेल्या. सुमारे वर्षभर खटपट करून २०१० मध्ये त्या न उघडताच परत आल्या. अर्थात पासवर्ड स्वतःच्या जन्मतारखेचा असेल, तर हे सारे व्यर्थ.

आणखी एक मेख आहे. संगणक चालू असताना कुलपाची किल्ली त्याच्या मेमरीत असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही मेमरीतील मजकूर काही सेकंद टिकतो. चिप गोठवली तर काही मिनिटेही. 'सिल्क रोड' या बेकायदा ऑनलाइन बाजाराचा चालक रॉस उलब्रिक्ट याला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयात पकडताना पोलिसांनी त्याचा लॅपटॉप उघडा असतानाच हिसकावला तो याच कारणाने. तेव्हा प्रवासात लॅपटॉप नुसता मिटून 'स्लीप'मध्ये ठेवू नये, पूर्ण बंद करावा.

मात्र गोपनीयता राखणे वेगळे आणि पुरावा दडपणे वेगळे. चौकशीत पुरावा ठरेल असा मजकूर तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत यंत्रणेला मजकूर उलगडून देण्यास नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत.

संगणक जप्त झालाच, तर पंचनाम्यात 'हॅश व्हॅल्यू' नोंदवण्याचा आग्रह धरावा. डिस्कवरील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला हा जणू अंगठ्याचा ठसाच. एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रातही त्यासाठी जागा ठेवलेली आहे. जप्तीनंतर डिस्कवर कोणी काही घातले, अशी शंका पुढे आली तर जप्तीच्या वेळचा हा आकडाच पडताळणीला उपयोगी पडतो.