दोन सावल्यांनी पृथ्वी गोल ठरत नाही

पृथ्वी गोल आहे, हे चौथीतलं मूलही सांगतं. कशावरून, असं विचारलं की मोठी माणसंही उपग्रहाने काढलेल्या छायाचित्राकडे बोट दाखवतात. पण छायाचित्रं नव्हती तेव्हाही हे कळत होतं, आणि आजही अंगणात उभ्या केलेल्या काठीवरून ते स्वतः ताडून पाहता येतं. त्याआधी काही गैरसमज बाजूला सारायला हवेत.

गैरसमज : दुपारी बाराला सूर्य रोज डोक्यावर येतो.

महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो. उत्तरेकडे सरकताना कोल्हापुरात 6-7 मे, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे आणि नागपुरात 26 मेच्या सुमारास काठीची सावली माध्यान्ही नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमधला दुसरा दिवस बहुधा ढगांत जातो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिथे हे कधीच घडत नाही. शिवाय घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर मुंबईत माध्यान्ह 12.35 च्या सुमारास होते.

गैरसमज : कोलंबसापर्यंत सगळे पृथ्वीला सपाट मानत.

1492 च्या सफरीआधी युरोपातल्या जाणकारांचा वाद आकाराचा नव्हता, अंतराचा होता. कोलंबसाने पृथ्वी आहे त्याहून बरीच लहान धरली होती. आपल्याकडे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस गोल पृथ्वी सांगितली. 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्य तर कारणही देतात : परीघ इतका मोठा आहे की त्याचा आपल्याला दिसणारा लहानसा तुकडा सपाट वाटतो. एकाच रेखावृत्तावरच्या दोन गावांमधलं अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक घेऊन त्रैराशिकाने परीघ काढण्याची रीतही त्यांनी दिली आहे.

गैरसमज : दोन ठिकाणच्या सावल्या मोजल्या की पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध होतं.

हा समज विज्ञानाची आवड असणाऱ्यांतच जास्त आढळतो, म्हणून त्याची मला अधिक काळजी वाटते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने आस्वान आणि अलेक्झांड्रिया इथल्या सावल्यांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग धरला आणि परीघ काढला. पण पृथ्वी गोल आहे आणि सूर्य अतिदूर आहे, हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं. त्याने पृथ्वीचं माप काढलं. आकार सिद्ध केला नाही.

हिशेब आपल्याच गावांवर करू. नागपुरात शून्य सावली असते त्या दिवशी कोल्हापुरात 1 मीटरच्या काठीची सावली माध्यान्ही दक्षिणेकडे सुमारे पावणेआठ सेंमी पडते. म्हणजे कोन साधारण 4.45 अंश. दोन्ही गावांमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे 494 किमी आहे (रस्त्याचं अंतर इथे कामाचं नाही). त्रैराशिक मांडलं की परीघ 40,000 किमीच्या आसपास येतो. पण पृथ्वी सपाट आणि सूर्य फक्त 6,350 किमी उंचीवर मानला, तरी कोल्हापूरची सावली नेमकी तेवढीच पडेल! एकच निरीक्षण दोन्ही कल्पनांना चालतं. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा आग्रह इथे उपयोगी पडतो : जे खोटं पाडू शकेल असं निरीक्षण शोधा.

असं निरीक्षण दूरच्या तिसऱ्या ठिकाणी मिळतं. त्याच तारखेला मेलबर्नमध्ये, तिथल्या माध्यान्ही, 1 मीटरच्या काठीची सावली किती असेल? सपाट पृथ्वीच्या हिशेबाने सुमारे 103 सेंमी. गोल पृथ्वीच्या हिशेबाने सुमारे 166 सेंमी. साध्या मोजपट्टीलाही हा फरक चुकवता येणार नाही.

गैरसमज : स्वतः पडताळायचं म्हणजे कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही.

चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच प्रमाण मानलं. नैयायिकांनी अनुमानाला आणि विश्वासार्ह माणसाच्या शब्दालाही प्रमाणांत जागा दिली. वरच्या प्रयोगात मला न्यायदर्शनाची बाजू पटते. 494 किमी हे अंतर आपण नकाशावरून घेतलं; ते 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेतून आलं आहे. मेलबर्नची सावलीही दुसऱ्याच कुणाच्या हातून मोजली जाणार. पण यांतला कोणता दुवा उसना आहे आणि तो कसा तपासता येईल, हे आपल्याला सांगता येतं. छायाचित्राकडे बोट दाखवणाऱ्याला बहुधा ते सांगता येत नाही.

ओळंबा लावून काठी सरळ उभी करा, जमीन समपातळीत आहे ना ते पाहा, माध्यान्हाच्या आगेमागे दर दोन मिनिटांनी सावली मोजा आणि सर्वांत आखूड माप धरा. सूर्याकडे थेट पाहू नका. 26 मेच्या आधी नागपूर, कोल्हापूर आणि मेलबर्नला असलेल्या नातलगांना किंवा मित्रांना कळवून ठेवा. मेलबर्नचं माप 166 सेंमीच्या आसपास आलं, तर 6,350 किमीवरच्या सूर्याची सपाट पृथ्वी टिकत नाही.